एकच गोळी, दोघांच्या दोन तऱ्हा

आमच्या घरात एकाच औषधाच्या दोन बाटल्या असतात, एक माझी आणि एक आमच्या ह्यांची. गोळी तीच, सेंटर तेच. तरी जी गोळी मला सोसली नाही ती ह्यांना कळलीसुद्धा नाही, आणि जी मला मानवली तिने ह्यांची झोप उडवली. त्यामुळे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांनी काय काय होतं असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुणाला?

2012 पासून दोघंही घेतोय. आजार कसा आला, कुणाकडून आला यावर इथे काही लिहिणार नाही, त्याचा काथ्याकूट घरात भरपूर झाला आणि त्याने कुणाचा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, एकानेही वाढला नाही. मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात राहतो, हे ट्रॉलरवर असतात, मी घरगुती खानावळ चालवते. औषधं सरकारी सेंटरवर फुकट मिळतात, 2004 मध्ये ही मोफत एआरटी सुरू झाली ती अजून चालू आहे. कसालला उतरून पुढे ओरोसला जायचं, दिवस मोडतो एवढंच. आता टेस्ट पॉझिटिव्ह आली की सीडी फोर कितीही असो, लगेच औषध चालू करतात, 2017 पासून तसा नियमच आहे. आमच्या वेळी आकडा खाली यायची वाट बघायचे. माझा 200 च्या खाली गेला होता त्यामुळे मला थांबायची वेळच आली नाही.

सुरुवातीला आम्हाला झेडएलएन होतं, म्हणजे झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरॅपिन, तिन्ही मिळून एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. पण पहिले 14 दिवस नेव्हिरॅपिन दिवसातून एकदाच द्यायची असते, एकदम पूर्ण डोस दिला तर अंगावर पुरळ यायचा आणि लिव्हरला त्रास व्हायचा धोका वाढतो. म्हणून सकाळची गोळी तिन्ही औषधांची आणि संध्याकाळची दोनच औषधांची, बाटल्या दिसायला जवळपास सारख्या. मी संध्याकाळच्या बाटलीच्या झाकणावर लाल नेलपेंटने एक ठिपका काढून ठेवला, दोघांच्याही. सेंटरवरच्या समुपदेशक ताईंना ते एवढं आवडलं की पुढच्या बायकांना त्या तेच सांगायला लागल्या.

मळमळ दोघांनाही होती, सकाळी जास्त. त्याला इलाज घरातलाच, गोळी रिकाम्या पोटी न घेता आधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत खारातल्या आंब्याची फोड. चहा-खारी खाऊन घेतली की हमखास उलटायचं, पेजेवर राहायचं. हे असं का ते विचारू नका, आमच्याकडे तसं झालं. दीडेक महिन्यात मळमळ आपोआप गेली.

ह्यांना दुसऱ्या आठवड्यात छातीवर आणि पाठीवर पुरळ उठला. हे म्हणाले उन्हाने आलंय, बोटीवर असं होतंच. पण ताईंनी आधीच बजावलेलं होतं की पुरळ म्हटलं की फोन करा, म्हणून केला, तर लगेच बोलावलं. तिथे डॉक्टरांनी नुसती पाठ नाही बघितली, तोंड उघडायला लावून आत बॅटरी मारली, डोळे बघितले, ताप बघितला, लिव्हरची रक्ततपासणी केली. फोड नाहीत, तोंडात व्रण नाहीत, डोळे लाल किंवा पिवळे नाहीत, ताप नाही, म्हणजे साधा पुरळ. मग नेव्हिरॅपिनचा डोस वाढवला नाही, पुरळ जाईपर्यंत एकावरच ठेवला आणि खाजेची गोळी दिली. गेला. पण ह्याच जागी फोड असते, तोंड आलं असतं, कातडी सोलत असती तर तीच गोळी त्याच दिवशी बंद केली असती, कारण ते जिवावर बेततं. एरवी आम्हाला सगळ्यांनी एकच सांगितलंय की मनाने गोळी सोडायची नाही, पण अशी लक्षणं दिसली तर महिन्याच्या तारखेची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी सेंटर गाठायचं किंवा जवळचं सरकारी हॉस्पिटल, मग ते ठरवतील. आता नेव्हिरॅपिन सहसा देत नाहीत, तरी कुठल्याही नवीन औषधाला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माझं दुसरंच निघालं. दोन-तीन महिन्यांत मला विहिरीवरून कळशी आणताना धाप लागायला लागली आणि नखं काळी पडली. नखांवर उभ्या निळसर काळ्या रेघा, आधी अंगठ्याला मग सगळ्या बोटांना. शेजारच्या काकी म्हणाल्या, "काय गो, किती सुकलंस! नि ही नखा काय झाली, कालवा फोडून फोडून?" मी हो म्हटलं, कालवं फोडून झालं म्हटलं, सुटले. ह्यांचीही नखं काळी झाली होती पण ट्रॉलरवरच्या माणसाची नखं कोण बघतंय, डिझेल समजतात. दोन्ही झिडोव्ह्युडिनचं काम, नखांचा रंग हा नुसता दिसण्यापुरता त्रास, पण धाप म्हणजे रक्त उतरलं होतं. हिमोग्लोबिन केलं तर बरंच खाली. आपल्याकडे बायकांचं रक्त कमी असणं कुणालाच नवीन नाही, लोहाच्या गोळ्या घे, पालेभाजी खा म्हणतात, मीही घरी बसून तेच करत राहिले असते तर पुढे रक्त चढवायची वेळ आली असती, कारण हे रक्त पालेभाजीने भरत नाही, औषध हाडातल्या मगजात रक्त बनणंच कमी करतं. झिडोव्ह्युडिन काढलं आणि टेनोफोव्हिर दिलं. रक्त भरलं, नखं मागाहून हळूहळू साफ झाली.

ह्याच काळात मला नागीण झाली, कमरेला अर्धा पट्टा. माझी मावशी म्हणाली बघ, गोळ्या सुरू केल्यास आणि अंगावर उठलं, गोळ्याच वाईट. नागिणीवर गेरू लावून झाला, उतरवूनही झाली, मी नको म्हटलं नाही. पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पटलं, की औषधाने विषाणू दबला, तशी अंगातली प्रतिकारशक्ती जागी झाली आणि आत दडून बसलेल्या जुन्या रोगाशी ती भांडायला लागली, सुरुवातीच्या महिन्यांत असं होतं. कुणाचा असाच दडलेला टीबी वर येतो. म्हणजे त्रास गोळी सुरू झाल्यावर आला तरी गोळीने 'केला' असं दरवेळी नसतं. त्यावर वेगळं औषध चालू केलं आणि एआरटी तशीच चालू ठेवली.

सेंटरच्या बाकावर एक गृहस्थ भेटायचे, आमच्या बरेच आधीपासून औषधावर. गाल आत गेलेले, हातापायाच्या शिरा वर आलेल्या, पण पोट सुटलेलं. त्यांना सुरुवातीची बरीच वर्षं स्टॅव्ह्युडिन होतं. त्याने चेहऱ्याची आणि हातापायांची चरबी जाते आणि तळपायांची आग होते, ते मे महिन्यात बाकावर बसल्या बसल्या चपला काढून पाय गार फरशीवर ठेवायचे. पुढे ते औषध जगभर मागे घेतलं, जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं हळूहळू बंद करा म्हणून. त्यांचं बंद झालं, आग कमी झाली, गाल काही परत आले नाहीत. लोकांच्या डोक्यात 'एड्सची गोळी' म्हटलं की अजून तेच गाल आहेत. आज जी पोरं टीएलडीवर, म्हणजे आताच्या नव्या गोळीवर, आहेत त्यांच्याकडे बघून कुणाला ओळखता येणार नाही, उलट ती जाड होतात, ते पुढे सांगते.

मग आली रात्रीची गोळी. टीएलई, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, एफाव्हिरेन्झ, दिवसाला एकच. दोनाची एक झाली म्हणून आम्ही खुश. पहिल्याच रात्री मी जेवून उठले, बांगड्याचं तिखलं, वर तळलेली सुरमई, सोलकढी, आणि लगेच गोळी घेतली. तासाभरात खोली फिरायला लागली. पावसाळ्याचे दिवस, आमचं न्हाणीघर मागच्या दारी, चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, मी दाराच्या कडीला धरून उभी आणि पायरी कुठे आहे तेच कळेना. आणि मग स्वप्नं. साधी नव्हेत, रंगीत, आवाजासकट, वासासकट. एका स्वप्नात आमच्या खानावळीत पंगत बसली होती आणि मी वाढत होते ते सगळे मासे ताटात जिवंत होते आणि माझ्याशी मालवणीत भांडत होते की आमका भाव कमी लावलंस. सकाळी उठून ह्यांना सांगितलं तर हसून हसून पुरेवाट. ह्यांना स्वप्न नाही, चक्कर नाही, घोरत पडलेले.

ताईंनी एकच प्रश्न विचारला, जेवणात काय होतं? एफाव्हिरेन्झ तेलकट जेवणावर घेतली की रक्तात जास्त उतरते, मग चक्कर आणि स्वप्नं जास्त. कोकणातल्या बाईला रात्री तळलेला मासा खाऊ नको सांगणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल, पण उपाय तेवढा कडक नव्हता. जेवण लवकर, गोळी दोन-तीन तासांनी, अगदी अंथरुणावर पडताना, पाणी पिऊन, न्हाणीघरात आधीच जाऊन आलेलं. तळलेला मासा दुपारी. चक्कर दोन-तीन आठवड्यांत गेली, स्वप्नं कमी झाली, पूर्ण गेली नाहीत. पण कुणाला नुसती स्वप्नं नसतात, उदास वाटतं, चिडचिड होते, नको ते विचार येतात, ते 'होईल बरं' म्हणून थांबायचं नसतं, ते ऐकल्यावर गोळी बदलतात. आमच्याच बाकावरच्या एका मुलीची बदलली. ती बिचारी समजत होती की आजार झाला म्हणून मन खचलंय, आणि घरचे तिला देवाला गाऱ्हाणं घालायला नेत होते. गाऱ्हाणं खुशाल घालावं, मीही घालते, पण एक गाऱ्हाणं सेंटरवरही घालावं, तिथे ते लिहून घेतात.

ह्यांना चक्कर नव्हती तरी बोटीवर हीच गोळी रात्री कधी घ्यायची हा प्रश्न होताच, कारण रात्री जाळं ओढायचं असतं आणि डेकवर अर्धवट झोपेतला माणूस म्हणजे थेट पाण्यात. ह्यांनी वेळ स्वतःच ठरवून घेतली, आपली पाळी संपवून आडवं होताना. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगितलेलं, ब्लडप्रेशरची आहे. बाटलीतली सिलिकाची पुडी फेकायची नाही, झाकण घट्ट, बाटली प्लास्टिकच्या डब्यात. खाऱ्या दमट हवेत गोळ्या पिशवीत सुट्ट्या ठेवल्या की ओल धरतात. आणि बाटली वाजते, हा एक वेगळाच ताप, एसटीत पर्समध्ये खुळखुळ आवाज झाला की शेजारची बाई बघते. वर थोडा कापूस दाबला की वाजत नाही.

टेनोफोव्हिरबद्दल थोडं, कारण ती अजून चालूच आहे. पोटाला हलकी, पण किडनीवर नजर ठेवावी लागते, म्हणून मधूनमधून क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करतात. आम्हाला दोघांनाही किडनीचा त्रास झालेला नाही. पण ज्याने होऊ शकतो त्याच्याशी रोजचाच संबंध, म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. ह्यांची कंबर जाळं ओढून धरते, मेडिकलवर गेलं की डायक्लोफिनॅकची पट्टी हातात ठेवतात, गावात कुणाच्याही खिशात ती असते. टेनोफोव्हिरवर असताना ती अशी पट्ट्याच्या पट्ट्या खायची नाही, किडनीवर दोन्ही बाजूंनी मार बसतो. साधी पॅरासिटामॉल, शेक, मालिश, नाहीतर विचारून. तसंच लावणीच्या दिवसांत आमच्याकडे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असतो, तोही किडनी पकडतो. एका पावसाळ्यात मला ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, आणि मला आधी वाटलं गोळीनेच काहीतरी केलं. आरोग्य केंद्रात गेले, तिथल्या डॉक्टरांना सरळ सांगितलं की टेनोफोव्हिरवर आहे, त्यांनी लेप्टोचं औषध लगेच सुरू केलं आणि क्रिएटिनीनही बघितलं. गेलेच नसते तर ताप गोळीवर ढकलून घरी पडून राहिले असते.

सांगणं सोपं नसतं हेही लिहिते. तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात दाढ काढायला गेले, फॉर्मवर खरं लिहिलं, तर रिसेप्शनवरच्या मुलीने सगळ्यांसमोर कागद आत नेला आणि बाहेर येऊन म्हणाली आमच्याकडे आज होणार नाही, उद्याही नाही. 2017 चा एचआयव्ही एड्स कायदा आहे, 2018 च्या सप्टेंबरपासून लागू, उपचार नाकारता येत नाही आणि आपली गोष्ट बाहेरही सांगता येत नाही, पण तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, दाढ ठणकत होती. सरकारीत काढून घेतली. अशा अनुभवाने लोक लपवतात, आणि लपवलं की दुसरा डॉक्टर न कळता असं औषध देतो जे आपल्या गोळीशी जुळत नाही. तालुक्यात तोंड उघडायची भीती वाटत असेल तर 1097 वर फोन करून विचारता येतं, फुकट आहे.

आणि आता टीएलडी. एफाव्हिरेन्झ जाऊन डोल्युटेग्राव्हिर आलं. माझी स्वप्नं त्याच आठवड्यात बंद, मासे भांडायचे थांबले. आणि ह्यांची झोप गेली. इतकी वर्षं घोरणारा माणूस रात्री दोन वाजता पडवीत येरझारा घालतोय, "माका डोळ्याक डोळो नाय". मी म्हटलं मासळीबंदी आहे, जून-जुलै, काम नाही म्हणून झोप नाही. बंदी संपली, बोट पाण्यात गेली, तरी तेच. मग ताईंनी गोळी सकाळी घ्यायला सांगितली. डोल्युटेग्राव्हिर जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, रात्री कधीही चालते, फक्त वेळ रोज तीच पाहिजे. दोनच आठवड्यांत घोरणं परत सुरू झालं, आता मला झोप नाही, पण तो साईड इफेक्ट जुनाच आहे.

बदलल्यानंतर क्रिएटिनीन थोडं वर दिसलं, तेव्हा मी घाबरले. डॉक्टर म्हणाले डोल्युटेग्राव्हिरमुळे क्रिएटिनीन लघवीतून बाहेर पडणं थोडं कमी होतं म्हणून आकडा वर दिसतो, किडनी खराब झाली असं नाही, वाढतच गेलं तर बघू. पुढच्या तपासणीत तिथेच थांबलं होतं.

ह्या गोळीचं खरं पथ्य जेवणाचं नाही, दुसऱ्या औषधांचं आहे, आणि हे कितीतरी जणांना माहीत नसतं. पित्तावर आपण जे पांढरं-गुलाबी पातळ औषध पितो किंवा चघळायच्या गोळ्या खातो, त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, ते डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. म्हणजे गोळी रोज घेतली, मोजून घेतली, तरी अर्धी वाया. त्यामुळे आधी आपली गोळी आणि मग निदान दोन तासांनी ते औषध, किंवा ते घेतलं असेल तर सहा तास थांबून आपली गोळी. लोह आणि कॅल्शियमचंही असंच, फक्त ती भरल्या पोटी जेवणासोबत आपल्या गोळीबरोबर घेतली तर चालतात. मी कोकमं, मिरची आणि नारळाच्या रसात दिवस काढणारी बाई, पित्त माझ्या पाचवीला पुजलेलं, रात्री जेवल्यावर एक झाकण औषध हा माझा नियमच. आता सकाळी आठला आपली गोळी, पित्ताचं रात्री, मध्ये दिवस पडलाय. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिनही ह्या गोळीचा जोर कमी करतं, तेव्हा बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची एक जास्तीची गोळी देतात, पण ते सेंटरवाले बघतात.

वजन मात्र वाढलं, माझं. ह्यांचं नाही. ब्लाऊज उसवावे लागले, सगळे म्हणाले तब्येत सुधारली, काकी म्हणाल्या आता कशी भरलंस. थोडं वजन सुधारल्याचंच असतं, पण माझं थांबेना, आणि मग साखरही वर आली. गोळीने आली का? माझ्या आईला डायबेटिस, मामाला डायबेटिस, मी चाळिशी ओलांडलेली, दिवसभर खानावळीत भाताच्या टोपाजवळ उभी. डॉक्टर म्हणाले डोल्युटेग्राव्हिरचा हात थोडा असू शकतो, बाकी खानदानाचा. मला मेटफॉर्मिन सुरू केली, पण डोल्युटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठते, म्हणून दिवसाला एकूण 1000 मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही हे माझ्या सेंटरच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहून दिलं. तालुक्याच्या साखरेच्या डॉक्टरांना मी ते पान दाखवलं, ते डोस वाढवायच्या बेतात होते, त्यांनी दुसरं औषध जोडलं. जुनी गोळी परत देता का असंही मी विचारून बघितलं, तर ताई म्हणाल्या देता येईल का ते डॉक्टर ठरवतील, पण आधी तुम्ही संध्याकाळी चालता का ते सांगा. चालत नव्हते. आता किनाऱ्यावरून जेटीपर्यंत जाऊन येते, काकी पण येतात, त्यांना साखर सांगितली आहे आणि ते खरंही आहे.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणं, दोघांचाही वर्षातून एकदा होतो, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं येतं, म्हणजे तपासणीत विषाणू सापडत नाही. विषाणू असा दबून राहिला की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं. ज्या पुरळ, नखं, स्वप्नं, वजनावर मी एवढं लिहिलं ते सगळं ह्या तीन शब्दांच्या बदल्यात पडलेलं आहे, आणि मला हा सौदा अजून परवडतो. ह्यांना सध्या गुडघा धरतो, हे म्हणतात गोळीने हाडं खाल्ली. टेनोफोव्हिरने हाडांची घनता कमी होते हे खरं आहे, पण ह्यांनी पन्नाशीपर्यंत ओल्या डेकवर उभं राहून जाळी ओढली तेही खरं आहे. पुढच्या वेळी क्रिएटिनीनला जाऊ तेव्हा गुडघाही दाखवायचा ठरलंय, तोपर्यंत डायक्लोफिनॅकची पट्टी मी माझ्या मसाल्याच्या डब्यामागे लपवून ठेवली आहे.